शिस्टरांची खोटी ग्रामसभा

माझं पत्रक हातात पडल्यावर शिस्टरांनी आधी त्यानं वारा घेतला. मग चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर माझं मनगट धरलं. घड्याळ त्या उलटं बांधायच्या, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजायची सवय. नर्सची नोकरी संपली तरी घड्याळ काही सरळ झालं नव्हतं.

"लय उडतीय," त्या म्हणाल्या. "पत्रकाचंबी तसंच झालंय. एकेका वाक्याला तीन-तीन उद्गारचिन्हं. डोस कमी कर."

"शिस्टर, हे अन्यायाविरुद्ध आहे!"

"व्हय की. बघ, बोलतानाबी लावलंस."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'पत्रक' ठेवलं. "आलं का पत्रक?" "पत्रकाला च्या द्या गं." मी कडेगावची. आमच्या वस्तीत संघटनेचं शिबिर झालं होतं, तिथं मी पत्रक लिहायला शिकले, आणि तेव्हापासून मला साधं वाक्य लिहिताच येत नाही असं शिस्टरांचं ठाम मत होतं. आता त्यांच्यावर लिहितेय तर उद्गारचिन्हं मोजूनमापून वापरतेय. पण एक गोष्ट आधीच सांगते. ज्या गावानं आयुष्यभर या बाईकडून सुया टोचून घेतल्या आणि तिला ओसरीच्या खाली उभं केलं, त्या गावाचा मला राग आहे आणि तो राहणार. नाडी किती का उडेना.

उंब्रजवरून आत वळलं की उसाच्या मधोमध ते गाव लागतं. माझी रखमामावशी तिथं दिलेली, मी तिच्याकडंच राहायचे. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या लोकांची वस्ती, वस्तीच्या तोंडाला समाजमंदिर आणि त्याला लागून शिस्टरांचं घर. त्यांचं पाळण्यातलं नाव सुशीला. पण त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. वस्तीतल्या लेकरापासून सरपंचाच्या म्हाताऱ्या आईपर्यंत सगळ्यांच्या त्या शिस्टरच. निम्म्या गावाला त्यांनी उलटं धरून रडवलं होतं. समोरून एखादा मिशीवाला गडी ताठ मानेनं आला की त्या हळूच मला म्हणायच्या, "ह्यो पायाळू. आईला लय त्रास दिला."

कपाची गोष्ट त्या सांगायच्या तेव्हा वस्तीतल्या बायका हातातलं काम ठेवायच्या. सगळ्यांना पाठ होती, तरी ठेवायच्या.

नोकरीतले सुरुवातीचे दिवस. तात्यांच्या घरी बाळंतपण. तात्या म्हणजे गावातले मोठे ऊसवाले, घरातली दोन माणसं फौजेत, दारात ट्रॅक्टर. रात्रभर खपून शिस्टरांनी बाळबाळंतीण सुखरूप केली. सकाळी तात्यांच्या आईनं चहा पाठवला. गोठ्याच्या कोनाड्यात एक कानतुटका कप होता, खास आमच्या लोकांसाठी ठेवलेला, त्यातनं. शिस्टरांनी कपाकडं पाहिलं. मग आपली दवाखान्याची पिशवी उघडली, त्यातनं स्वतःचा कप काढला आणि म्हणाल्या, "ह्यात ओता. दुसऱ्याच्या घरचं भांडं आमाला चालत न्हाई. निर्जंतुक नसतंय."

"म्हंजी?" म्हातारी दचकली.

"म्हंजी त्यात किडं असत्यात. दिसत न्हाईत, पण असत्यात."

म्हातारीला हे लय लागलं. आमच्या घरात किडे? आणि हे बोलणारी कोण, तर खालच्या वस्तीतली! पुढं लसीकरणाला, डोस पाजायला जेव्हा जेव्हा शिस्टर त्या घरी गेल्या, तेव्हा तेव्हा त्यांनी पिशवीतनं आपलाच कप काढला आणि शेजारणी बघतील अशा बेतानं काढला. गावभर झालं, तात्यांच्या घरात शिस्टर चहा पीत न्हाईत, तिथं काहीतरी रोगराई हाय. शेवटी एक दिवस म्हातारीनं कपाटातला फुलाफुलांचा चांगला कप बाहेर काढला, शिस्टरांच्या डोळ्यांदेखत उकळत्या पाण्यात टाकला, चिमट्यानं उचलला आणि म्हणाली, "आता तरी पी गं बाई. अब्रू घालवलीस की आमची."

"मग पिले," शिस्टर म्हणायच्या. "साखर लय घातली हुती."

बायका हसायच्या. मला काही हसू यायचं नाही. मी म्हणायचे, "शिस्टर, हा गुन्हा होता! तुम्ही केस करायला पाहिजे होती."

"करायला पायजे हुती," त्या शांतपणे म्हणायच्या. "पण मला तवा च्या पायजे हुता."

यावरून कुणी समजेल की शिस्टर म्हणजे सगळं गोडीगुलाबीनं घेणारी बाई. अजिबात नाही. वस्तीतल्या एका नवरदेवाला घोड्यावरून वरात काढली म्हणून चौकात मारलं, तेव्हा पोलीस ठाण्यात सगळ्यात आधी पोचल्या त्या शिस्टर. फिर्याद घेईनात, तर दारातल्या बाकावर जाऊन बसल्या आणि पंचक्रोशीत जन्मलेल्या प्रत्येक शिपायाला त्याच्या जन्माची हकीकत मोठ्यानं सांगू लागल्या. संध्याकाळच्या आत फिर्याद लिहून झाली. "कायदा कपाटातलं जालीम औषध हाय," त्या मला म्हणाल्या. "कपाटाची किल्ली आपल्याकडं पायजे. पण सर्दी झाली म्हणून सलाइन लावत न्हाई कुणी."

आमचं खरं भांडण झालं ते नखांवरून.

समाजमंदिरात दर रविवारी दुपारी शिस्टर बायका जमवायच्या आणि आल्या-आल्या प्रत्येकीची नखं बघायच्या. रखमामावशीला तर शेतात भांगलण करून आलेल्या मातकट हातांनी दारातनं परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. माझं डोकंच फिरलं. "शिस्टर, हे त्यांच्या नजरेनं आपल्याकडं बघणं झालं! तुम्ही स्वच्छ व्हा मग आम्ही तुम्हाला माणूस मानू, हेच ते सांगत आलेत. आणि तुम्ही तेच शिकवताय!"

शिस्टरांशी असं कुणी बोलत नसे. त्यांनी माझं मनगटसुद्धा धरलं नाही.

"उभी नोकरी मी साबणानं हात धुतले," त्या म्हणाल्या. "गावात माझ्याइतके स्वच्छ हात कुणाचेच नव्हते. तरी कप गोठ्यातलाच आला. हात धुतल्यावर मान मिळतो असं कुणी सांगितलं तुला? मान न्हाई मिळत. जुलाब थांबत्यात." मग माझ्याकडं बघून, "नखं त्यांच्यासाठी न्हाईत, पोरी. पोट आपलं बिघडतंय."

एवढ्यात रखमामावशी हात घासून परत आली. शिस्टरांनी तिची बोटं उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "बस आत. आता सरपंच येतोय."

सरपंच म्हणजे त्याच. ही त्यांची तालीम. खोटी ग्रामसभा.

ती कशासाठी, ते सांगते. आमच्या वस्तीची स्मशानभूमी नदीच्या कडेला. तिथं जायला पूर्वी बैलगाडी जाईल एवढी पाणंद होती, हे अख्ख्या गावाला माहीत. पण तिच्या दोन्ही अंगांना तात्यांचा ऊस. दर लागणीला एखादी सरी पाणंदीत सरकायची. ऊस वाढत गेला, पाणंद आटत गेली, आणि उरला एक बांध. त्या बांधावरनं तिरडी न्यायची तर खांदेकऱ्यांपैकी एका अंगाचे बांधावर आणि दुसऱ्या अंगाचे उसाच्या पाण्यात. तिरडी कायम कलती. शिस्टरांच्या मालकांना पावसाळ्यात नेलं, तेव्हा खालच्या अंगाचा एक माणूस गुडघाभर चिखलात रुतला आणि प्रेत घसरता घसरता धरलं.

"मालक जिवंतपणी कवाच सरळ चालले न्हाईत," शिस्टर सांगायच्या, "पण मेल्यावर तर पार तिरपे." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. शिस्टरही हसायच्या. हसून झाल्यावर पदरानं चष्मा पुसायच्या, आणि तो पुसायला जरा जास्तच वेळ लागायचा.

त्यांचं स्वतःचं हृदय तेव्हा थकलं होतं. हे त्यांनी मला औषधाचं नाव सांगावं तसं सांगितलं. "व्हॉल्व्ह खराब झालाय. ऑपरेशन झेपणार न्हाई. तेवढा रस्ता व्हायला पायजे. मला एकदाच जायचंय, पण सरळ जायचंय."

मी लगेच मोर्चाचं बोलले. तहसीलवर तिरडी घेऊन मोर्चा! पत्रकाचा मथळासुद्धा सुचला होता.

"तिरडीवर कोण झोपणार?" शिस्टरांनी विचारलं. "मी झोपंन. पण उठवू नका म्हंजी झालं."

त्यांचं म्हणणं, आधी ग्रामसभेत ठराव पायजे. आणि आमचे लोक ग्रामसभेत बोलत नसत. जात असत, पण दाराशी चपला सोडतात तिथंच बसत. कुणी बसा म्हटलेलं नव्हतं, कुणी उठा म्हटलेलं नव्हतं. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी पाय आपोआप तिथं थांबायचे. मी विचारलं, "मग तुम्हीच बोला ना. तुमच्यापुढं कोण तोंड उघडेल?"

"मी बोलले तर शिस्टर बोलल्या म्हणतील. मी मेल्यावर कोण बोलणार? पत्रक?"

म्हणून तालीम. शिस्टर मालकांची टोपी घालायच्या, टेबलामागं बसायच्या आणि सरपंच व्हायच्या. काय सरपंच व्हायच्या! पाय हलवायच्या, फोनवर बोलल्यासारखं करायच्या, समोरची बाई बोलत असताना दात कोरायच्या. "ए, खाली बस! तुला काय कळतंय गं?" असं खेकसायच्या. बायकांनी दारातनं सरळ चालत यायचं, खुर्चीवर टेकायचं, उभं राहून बोलायचं आणि सरपंच काय वाटेल ते बोलला तरी बसायचं नाही. पहिल्या रविवारी तीन बायका रडल्या. महिनाभरात रखमामावशी अशी तयार झाली की शिस्टरांनी "खाली बस" म्हणायचा अवकाश, ती टेबलावर हात आपटून ओरडायची, "खाली बसणार न्हाई! रस्त्याचं काय ते बोला!" घरी काकांनीसुद्धा धसका घेतला. जेवायला बसताना ते मावशीला बस म्हणायचे बंद झाले.

मग खरी ग्रामसभा आली. आमच्या बायका इस्त्रीच्या साड्या नेसून एक तास आधी गेल्या आणि खुर्च्यांच्या होत्या तेवढ्या दोन रांगा भरून टाकल्या. गाव आलं, बघतंय तर खुर्च्याच नाहीत. तात्या दाराशी चपलांपाशी उभे. शिस्टर मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

रखमामावशी उठली. आणि सरपंच, खरा सरपंच, हात जोडून हसला. कॉलेज शिकलेला तरणा गडी. म्हणाला, "या, या मावशी. उभ्या का? बसा की. निवांत बसून बोला."

मावशीनं टेबलावर हात आपटला. "खाली बसणार न्हाई!"

सभेत हशा पिकला. सरपंच बिचारा गोंधळला. "अहो, मी खुर्चीवर बसा म्हणतोय."

"न्हाई म्हंजी न्हाई!" मावशीला आता थांबताच येईना. तिची सगळी उत्तरं शिव्यांना तयार केलेली, आणि समोरचा माणूस शिवीच देईना. रस्त्याचा विषय निघाला तेव्हा सरपंच म्हणाला, "अगदी बरोबर आहे तुमचं. बघू आपण." बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. बरोबर आहे म्हणतोय म्हणजे झालंच की. सगळ्या आनंदानं घरी आल्या. ठराव काही लिहिला गेला नव्हता.

मी वाटभर सरपंचाला शिव्या घालत आले. शिस्टर मात्र समाजमंदिरात येऊन बसल्या आणि टोपी हातात घेऊन तिच्याकडंच बघत राहिल्या. "माझंच औषध चुकलं," त्या म्हणाल्या. "मी जुन्या सरपंचाची तालीम दिली. तो शिव्या द्यायचा. नवा गोड बोलतोय. रोग तोच, पण ताप येत न्हाई."

पुढच्या रविवारपासून त्यांनी गोड सरपंच सुरू केला. हा फार अवघड निघाला. शिस्टर टोपी घालून इतक्या मायेनं बोलायच्या की बायका विरघळायच्या. "आवं आक्का, तुमी आमी काय वेगळं हाय का? एकाच नदीचं पाणी पितो." आक्का लगेच म्हणायची, "तसं कसं, वेगळं न्हाईच." "गेली!" शिस्टर ओरडायच्या. "गेली का न्हाई पाणंद उसात? परत ये दारातनं!"

एकदा गोड सरपंच म्हणाला, "तात्या मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी जागा सोडली तर आपण त्यांचा सत्कार करू. नारळ, शाल." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. "सत्कार कसला? पाणंद गावाची आहे! आमच्या वाटेवर ऊस लावला आणि आम्हीच शाल द्यायची?"

शिस्टरांनी टोपी काढली. उठून माझ्याजवळ आल्या, मनगट धरलं, घड्याळाकडं बघत बसल्या. मला वाटलं आता डोस कमी कर म्हणणार.

"उडतीय," त्या म्हणाल्या. "पण आज उडू दे. रखमा, हे वाक्य ठिव गं. फक्त वरडू नको. पत्रक वरडतंय तेवढं बास."

दुसऱ्या ग्रामसभेत सरपंचानं आमच्या बायकांना चहा मागवला. सगळ्यांना सारखे कागदी कप. रखमामावशीनं चहा घेतला, खुर्चीवर बसून पूर्ण प्याली, कप पायाशी ठेवला आणि मग उठली. "च्या चांगला हाय. आता पाणंदीचा ठराव लिवा."

तात्या स्वतः उठले. "रखमा, खरं सांग, मयताला मी कवा अडवलंय का?"

"न्हाई वो तात्या," मावशी म्हणाली. "तुमी कवाच न्हाई अडवलं. तुमचा ऊस अडवतो."

या वेळी हशा तात्यांच्या अंगावर गेला. ते म्हणाले, "बरं बाई, सोडतो दोन सऱ्या. तुमच्यासाठी."

मावशीनं मागं, भिंतीकडं पाहिलं. शिस्टर छताकडं बघत होत्या. "आमच्यासाठी नका सोडू, तात्या," मावशी सावकाश म्हणाली. "पाणंद गावाची हाय. वाटेतला ऊस काढा, एवढंच म्हणतोय आमी. शाल मागू नका."

मग सरपंचानं ठेवणीतलं वाक्य काढलं. "बरोबर आहे. पुढच्या सभेला घेऊ."

"घ्या की," मावशी म्हणाली. "आमी बसतो तवर." आणि ती बसली. तिच्यामागं दोन्ही रांगांतल्या बायकांनी पिशव्या उघडल्या आणि मांडीवर भाकरीची फडकी सोडली. ठेच्याचा वास सभागृहभर सुटला. एकीनं सरपंचालाही चतकोर पुढं केली. कडेला उभ्या असलेल्या गावातल्या दोघी-चौघी शेतकरणी, ज्यांची पोरं शिस्टरांनीच जगात आणली होती, त्या पदराआड हसत म्हणाल्या, "लिवा की वो, किती वेळ लावताय." ठराव झाला. शिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. पण मी मघापासून त्यांच्याकडं बघत होते. मावशीच्या प्रत्येक वाक्याला त्यांचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी तात्या नेहमीसारखे शिस्टरांच्या दारात. रक्तदाब बघायला. गावात दवाखाना असला तरी त्यांचा भरवसा शिस्टरांवरच. शिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला. "वाढलाय. मीठ कमी करा. आणि उसातनं जरा मागं सरका, बरं वाटंल." तात्यांनी बाही खाली केली. जाताना उंबऱ्याशी घुटमळले आणि म्हणाले, "चहा न्हाई का आज?"

"हाय की," शिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी तात्यांना चहा दिला तो त्या जुन्या, नोकरीभर पिशवीतनं फिरवलेल्या स्वतःच्या कपातनं. मी दारात उभी होते. तात्यांनी कप ओळखला. जरा वेळ हातात धरून बसले. मग प्याले. मला विचाराल तर एवढ्यानं काही फिटलं नाही. पण शिस्टर मनात इतक्या खूश होत्या की मी तोंड बंद ठेवलं.

ऊस तुटल्यावर पाणंद मोकळी झाली, मुरूम पडला. ऐन श्रावणात शिस्टर गेल्या. संततधार होती. चौघांनी खांदा दिला, चौघंही रस्त्यावरनंच चालले. तिरडी कुठं कलली नाही. त्या तिरडीमागं तात्यांच्या घरची माणसंही होती, आणि सगळ्यात पुढं मडकं धरून रखमामावशी होती. बाईनं मडकं धरायचं का, यावर एक-दोघांनी तोंड उघडलं, तेव्हा ती म्हणाली, "खाली बसा."

पण मला शिस्टर आठवतात त्या तिरडीवरच्या नाहीत. आठवतात त्या आधीच्या उन्हाळ्यातल्या. नवा मुरूम अजून लालबुंद होता, रोलरनं दाबलेला. मी पुढं जतला जायला निघाले होते, तिकडं एका वस्तीत टँकर सगळ्यात शेवटी येतो म्हणून. निरोप घ्यायला गेले तर शिस्टर घरात नाहीत. शेजारीण म्हणाली, "त्या नदीकडं गेल्यात."

मी पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. उन्हात, दोन्ही बाजूंच्या तुटलेल्या उसाच्या खोडव्यामधनं, शिस्टर समोरून चालत येत होत्या. पांढरी साडी, डोक्यावर छत्री, खांद्याला दवाखान्याची ती जुनी पिशवी. थांबत, दम खात येत होत्या. रस्त्याच्या कधी या कडेनं, कधी त्या कडेनं चालून बघत होत्या. एका जागी पाय आपटून मुरूम दाबून बघितला. जवळ आल्यावर घामानं डबडबल्या होत्या, आणि तोंड मात्र जत्रेतून आलेल्या माणसासारखं.

"कुठं गेला होता, शिस्टर? या उन्हात?"

"जाऊन आले," त्या म्हणाल्या. "रस्ता चांगला झालाय. मधी एका ठिकाणी पाणी साठंल, तेवढं सरपंचाला सांग. मला परत यायला जमणार न्हाई सांगायला."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. घड्याळ बघत उभ्या राहिल्या, स्वतःला धाप लागलेली असताना.

"सरळ चाललीय," त्या म्हणाल्या. "जा आता जतला."